सात किलो

फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत अयोध्याच्या धाकट्या पोरीचं वजन करत होते. पोरगी झोळीत पाय झाडत होती, काटा स्थिर होईना, आणि फोन वाजून वाजून जीव काढत होता. शेवटी चतुराबाईनं, म्हणजे आमच्या मदतनीसबाईनं, तो माझ्या कानाला लावला. पलीकडून जावई, दयानंदराव, बोलत होते, बंगळूरहून.

"आई, साक्षीला पोरगी झाली."

मी बोटं मोजली नाहीत. लेकीला आठवा नुकताच लागला होता, पुढच्या पंधरवड्यात मी तिला बाळंतपणासाठी माहेरी आणणार होते.

"वजन किती?" मी विचारलं. आई असून पहिला प्रश्न हा. सव्वीस वर्षं पोरांची वजनं घेतली की माणसाचं असं होतं.

"एक किलो चारशे."

मग दयानंदरावांनी सगळं सांगितलं. ऑपरेशन करावं लागलं. पोरीला काचेच्या पेटीत ठेवलंय. झोपेत मधूनच ती श्वास घ्यायचं विसरते. डॉक्टर म्हणाले, माणसाच्या छातीची ऊब सगळ्यात चांगली, उघड्या छातीला लावून रोज जितके तास धरता येईल तितकं धरा. साक्षीला ताप, तिला पोरीजवळ आणत नाहीत. त्यांच्या आईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आलेला, त्या स्वतःच दुसऱ्याच्या हातानं जेवतात. "मीच धरून बसतोय आई, पण कालपासून डोळा लागला नाही. मला भ्या वाटतं, धरल्या धरल्या झोप लागंल."

"येते," मी म्हटलं.

माझ्या रजिस्टरात दीड किलोच्या खालचं बाळ आजवर दोनदाच आलं. एक आता सातवीत आहे, अंगणवाडीच्या दारावरून सायकल दामटत जातं. दुसऱ्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही.

आमच्या शिरूर अनंतपाळकडं बायका म्हणतात, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत न्हाई. हे थोतांड आहे असं मी मातांच्या बैठकीत पन्नास वेळा ओरडून सांगितलंय. एकदा तर एका म्हातारीला वेडंवाकडं बोलून रडवलंय. त्या दिवशी घरी चालत येताना तेच वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं, आणि मला माझाच राग येत होता.

नांदेडहून बंगळूरला रेल्वे जाते, पण सकाळची गाडी निघून गेली होती. उद्याची पकडली तर परवा सकाळी पोचणार. विमान मात्र उद्याच होतं, दुपारचं. ते रोज नसतं, पुढचं तीन दिवसांनी. दयानंदरावांनी दवाखान्याच्या जिन्यात बसून फोनवरच तिकीट काढलं. घाईत त्यांनी सगळ्यात स्वस्त तिकीट घेतलं, आणि सामानाचा रकाना मोकळा सोडला. त्यांनी काय काय बघावं? मी तर तिकीट उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

मी सामान बांधायला बसले. लेक माहेरी येऊ शकत नाही तर माहेर उचलून लेकीकडं न्यायचं, आम्हाला एवढंच कळतं. रातोरात डिंकाचे लाडू वळले. अळीव, बाळंतशोपा, सुंठ, खोबऱ्याच्या वाट्या, घरचं तूप, तिळाचं तेल. शेजारच्या साखराबाईनं मेथ्या भाजून कुटून दिल्या. नव्या जिवाला नवं कापड घालत नाहीत, माणसांनी वापरून मऊ झालेलं लागतं, म्हणून भुजंगरावांची दोन धोतरं फाडून बाळुती केली. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण लिहायला काय जातंय? भुजंगराव धोतर फाडताना बघत बसले आणि म्हणाले, "चांगलं होतं की ते." मी म्हटलं, "म्हणून तर फाडलं."

सकाळच्या पहिल्या एसटीनं अहमदपूर, लोहा करत आम्ही दोघं नांदेडला आलो. एसटीत आमची एक रीत आहे. ते आधी चढून जागा धरतात, मला खिडकीशी बसवतात आणि मी एकटी जाणार असले तर कंडक्टरला सांगतात, "बाईंना नीट उतरवा." विमानतळाच्या दारात पोलिसानं हात आडवा केला. तिकीट नाही तर आत नाही. भुजंगरावांनी दोन वेळा माझ्याकडं पाहिलं, मग त्या पोलिसालाच म्हणाले, "पहिल्यांदा चालल्यात. बंगळूरला जरा उतरवा."

पोलीस हसला. मलाही हसू आलं. "जावा तुमी, गाडी चुकंल," मी म्हटलं. ते गेले नाहीत, काचेपलीकडं पिशव्या ठेवायच्या गाड्यांजवळ उभे राहिले.

आत काउंटरवर एक पोरगी होती, केस चापूनचोपून बांधलेली. तिनं माझी पिशवी काट्यावर ठेवायला सांगितली. बारा किलो तीनशे.

"आजी, तुमच्या तिकिटावर फक्त सात किलो नेता येईल. जास्तीचे पैसे भरावे लागतील."

"आधी काटा शून्यावर आन," मी म्हटलं. "रिकामा असताना शून्य दाखवतो का बगू."

तिला कळेना. मी पिशवी उचलली, काटा शून्यावर आला, पुन्हा ठेवली. बारा किलो तीनशेच. काट्याशी मला भांडता येत नाही, तो माझा धंदाच आहे. तिनं जास्तीच्या किलोंचे पैसे सांगितले तेव्हा मात्र मी तोंडाला पदर लावला. नाकापेक्षा मोती जड. पैसे होते माझ्या कनवटीला, पण ते दवाखान्याचे होते.

"बाजूला होऊन कमी करून आणा," ती गोडच बोलली. "पण लवकर. काउंटर बंद होईल."

बाजूला झाले. जमिनीवर बसून गाठोडं सोडलं, सात किलो पिशवीत भरले, उरलेले पाच लुगड्याच्या तुकड्यात बांधले. रांगेत मागं एक पोरगी उभी होती, पंचविशीची, पाठीवर कॉम्प्युटरची छोटी बॅग, बाकी काही नाही. मी तिच्याजवळ गेले.

"बाई, तुझ्याजवळ काहीच वजन न्हाई. येवडं गाठोडं धर की. उतरल्यावर घेते मी."

आता ही अक्कल मला कुठून सुचली ते सांगते. साक्षी अकरावी-बारावीला लातूरला होती. आमच्या भागातली सगळीच हुशार पोरं तिकडं जातात, खोली करून राहतात, आणि त्यांचे डबे रोज सकाळी गावाकडून एसटीनं जातात. डब्यावर नाव लिहायचं, ड्रायव्हरच्या बाजूला ठेवायचा. एसटी चुकली तर जीपवाल्याकडं, तोही नसला तर लातूरला निघालेल्या कुणाकडंही द्यायचा. ओळख लागत नाही. दोन वर्षं मी असा डबा पाठवला, आणि एकदाही तो हरवला नाही. तिकडं जाणारा माणूस आणि त्याचा हात मोकळा, एवढं दिसलं की आमच्याकडची बाई गाठोडं पुढं करते. इथंही केलं.

त्या पोरीनं माझ्याकडं पाहिलं, गाठोड्याकडं पाहिलं. थोडी घुटमळली.

"काय हाय त्यात मावशी?"

"बाळंतिणीचं."

"द्या," ती म्हणाली.

मी सुटले. काउंटरवर सात किलो भरले, पुढं तपासणीत पिशवी पट्ट्यावर सरकून बाहेर आली, मला काही कुणी विचारलं नाही. आतल्या खुर्चीत टेकले आणि स्वतःच्या हुशारीवर मनातल्या मनात खूश झाले. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील.

"हे कुणाचं आहे?"

मान वळवून पाहिलं. गाठोडं पट्ट्यावर अडवलेलं. पोरगी उभी. समोर एक साहेब आणि एक बाई पोलीस.

"माझं नाही," ती म्हणाली. "एका मावशींचं आहे."

"तुमच्या नात्यातल्या?"

"न्हाई. रांगेत भेटल्या."

साहेबांचा चेहरा एकदम बदलला. परक्याचं सामान विमानात न्यायचं नसतं, भिंतीवर पाटी लावलेली होती. चांगली दांडगी पाटी होती, मी तिच्याखालूनच आले होते. त्यांनी पोरीला बाजूला घेतलं, नाव, गाव, नोकरी लिहायला लागले. वर भोंग्यातून आमच्या विमानाचं नाव घेत होते, लवकर चला म्हणून.

इथं एक गोष्ट लपवायची नाही. मी लगेच उठले नाही. उठले तर मलाही अडवणार, विमान जाणार, मग उद्याची रेल्वे, परवाची सकाळ. तिकडं दयानंदराव डोळे ताणून बसलेले, आणि पोरगी श्वास घ्यायचं विसरते. मी खाली बघत बसून राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. एका विश्वासानं दुसऱ्याच्या आईचं ओझं उचललेली ती पोरगी तिथं रडवेली झाली होती, आणि मी, गावाला शहाणपण शिकवणारी बाई, पदर नीट करत होते. मला त्या वेळची माझी लाज अजून वाटते.

मग उठले. "साहेब, ते माझं हाय. लेकराचा दोष न्हाई."

साहेबांनी गाठोडं सोडलं. "हे काय?" सुंठ. "हे?" बाळंतशोपा. "हे?" मेथीची पूड. "ही पूड कोण ओळखणार?" मी म्हटलं, "कोनतीबी बाई ओळखंल." बाई पोलिसानं ओठ दाबले. खोबरं नेता येत नाही म्हणाले, ते पेट घेतं म्हणे. जन्मभर खोबरं खाल्लं, कुणी पेटलेलं बघितलं नाही, पण मी गप्प बसले. हात दाखवून अवलक्षण झालंच होतं, आणखी तोंड कशाला दाखवा? तेल नाही. तूप नाही. आणि आता असा प्रकार झाल्यावर माझी दुसरी पिशवीही सगळी उपसून बघावी लागेल.

"किती टाइम लागंल?"

"वीस मिनिटं."

"आन विमानाला?"

"दहा." साहेब वाईट नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, सामान सोडवत बसायचं का जायचं, ते तुम्ही ठरवा. या मुलीचं मी लिहून घेतलंय, तिला जाऊ देतो."

मी त्या लाडवांकडं पाहिलं. साखराबाईच्या मेथ्यांकडं पाहिलं. बाळुत्यांची घडी उलगडून पडली होती.

"ठेवा सगळं," मी म्हटलं. "बाहेर माझे मालक उभे हायत, पांढरी टोपी, त्यांना द्या."

बाई पोलीस दोन्ही ओझी घेऊन दाराकडं गेली. मी फोन लावला आणि काचेतून बघत राहिले. भुजंगरावांच्या हातात तिनं पिशवी दिली, गाठोडं दिलं. ते इतके गडबडले की फोन कुठल्या कानाला लावावा ते त्यांना कळेना.

"अवं, सगळंच परत? लाडूबी?"

"हाव."

"मंग तू काय घिऊन चाललीस?"

त्यांनी काचेतून मला शोधलं, गाठोडं पोटाशी धरलं आणि म्हणाले, "बरं, जा. रडू नगंस. उद्याच्या रेल्वेनं मी आनतो. म्हशीचं शेजारचा भीमा बगंल." ज्या माणसानं साक्षीच्या लग्नातसुद्धा म्हशीला कुणाच्या भरवशावर सोडलं नव्हतं, त्यानं हे सांगितलं. मी पळत निघाले.

विमानाबद्दल फार चांगलं सांगण्यासारखं माझ्याकडं नाही. जागा निवडायचेही पैसे असतात, ते भरले नाहीत तर उरलेली देतात. मला मिळाली सगळ्यात शेवटच्या रांगेतली, मधली. पाठ मागं जात नाही, मागं भिंत, भिंतीपलीकडं संडास. गुडघे पुढच्या सीटला टेकतात. डाव्या बाजूच्या माणसानं हाताची दांडी घेतली, उजव्या बाजूच्यानं दुसरी घेतली, माझे हात माझ्या मांडीवर. वरून गार वारा असा की दात वाजावेत. पाणी मागितलं तर बाटली विकत. पंगतीला बसवायचं आणि पाण्याचे पैसे घ्यायचे, हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं. वर चढताना कान दुखायला लागले, आणि लाडवांसाठी कालपासून दाबून ठेवलेलं रडू तिथं आलं. लाडवांसाठी म्हणते मी, कशासाठी होतं ते मला माहीत होतं.

पट्टे सोडायची परवानगी मिळाली तशी ती पोरगी मागं आली. तिनं पैसे भरून पुढची खिडकी घेतली होती. माझ्या उजवीकडच्या माणसाला ती म्हणाली, "काका, माझ्या जागेवर बसता का?" काका जवळजवळ उडी मारून गेले. ती शेजारी बसली.

"माझं नाव लिहून घेतलं मावशी," ती म्हणाली. "कंपनीत कळवलं तर?"

"चुकलं माझं बाई. लई चुकलं."

"मला पाटी माहीत होती. मी कैकदा येते-जाते." तिनं नाक पुसलं. "पण तुमी म्हन्लात आन मला माझी आई दिसली. आमी भोकरचे. मी नांदेडला शिकायला होते, आई रोज एसटी स्टँडवर उभी राहून कुनाच्यातरी हातात डबा द्यायची. लोक घ्यायचे. मला न्हाई म्हनताच येईना."

तिचं नाव सुकन्या. तिनं विकतचा चहा घेतला, एकच, महाग म्हणून, आणि दोन घोट पिऊन कप मला दिला. चहा मी म्हणणार नाही त्याला, पण गरम होता.

मग मी तिला जे सांगितलं ते आजवर भुजंगरावांनाही धड सांगितलेलं नव्हतं. साक्षी बारावीला असताना तिला टायफॉइड झाला. तिनं फोन केला, "आई, ये ना." त्या आठवड्यात पोलिओचे डोस होते, वर सर्व्हेचं काम, सुपरवायझरबाईनं सुट्टी दिली नाही. मी भांडून गेले असते तर काय झालं असतं? फार तर एक मेमो. मी गेले नाही. मऊ भाताचा डबा पाठवला. सात दिवस, रोज दोन्ही वेळचा, वर लिंबाची फोड, आत चिठ्ठी. डबे रिकामे परत यायचे, मला वाटायचं लेक जेवते. लग्नानंतर एकदा बोलता बोलता ती म्हणाली, तापात भाताचा वाससुद्धा सहन होत नव्हता, शेजारच्या खोलीतल्या पोरी खायच्या. बोलली ती हसत. राग नव्हता तिला, हेच मला लागलं.

"रेल्वेनं आले असते तर सगळं सामान आलं असतं," मी सुकन्याला म्हटलं. "लाडू, तूप, सगळं. आन मी उद्या सकाळी पोचले असते."

सुकन्यानं माझा गार पडलेला हात तिच्या ओढणीत घेतला. उतरेपर्यंत सोडला नाही.

बंगळूरला उतरल्यावर तिनं मला सोडून जायला हवं होतं, तिला उशीर झालाच होता. ती गेली नाही. दवाखान्याचा पत्ता एका कागदावर कानडीत लिहून घेतला, बस शोधली, कंडक्टरला दोनदा बजावलं. मी खिडकीतून तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद काय दिला ते बसच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसेल.

दवाखान्याच्या दारात दयानंदराव उभे होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालवर लागलेली. माझ्या रिकाम्या हातांकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वाकून पाया पडले आणि तसेच वाकलेले राहिले, मी खांदे धरून उठवलं.

"पोरगी?"

"हाय. सकाळी दोनदा श्वास थांबला होता."

आत हात कोपरापर्यंत धुवायला लावले. बांगड्या काढायला लावल्या, हिरव्या, लग्न झाल्यापासून कधी सगळ्या काढल्या नव्हत्या. मग सिस्टरनं पुढून उघडा असा एक अंगरखा दिला आणि पोलकं काढायची खूण केली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला परक्या मुलखात हे करायचं म्हणजे काय, ते पुरुषांना कळणार नाही. दयानंदराव पाठ फिरवून बाहेर गेले. मी काढलं. सिस्टर माझ्याच वयाची होती. "कूतको, अज्जी," ती म्हणाली. माझं माहेर निलंग्याकडचं, तेवढं कानडी मला येतं. बस, आजी.

तिनं पेटीतून पोरगी काढली. मी इतकी मुलं हाताळली, कुणी रडलं, कुणी मुतलं, कुणी चावलं. पण हिला बघून माझे हातच उचलेनात. तळहाताएवढं तोंड, कपाळावर म्हातारीसारख्या आठ्या, पायाला वायर. सिस्टरनं ती माझ्या दोन स्तनांच्या मध्ये उभी ठेवली, बेडकासारखे पाय दुमडले, डोकं एका बाजूला केलं आणि वरून अंगरखा बांधला. पोरगी एकदा कण्हली. मग तिचा गाल माझ्या कातडीला चिकटला आणि ती गप्प झाली.

मी देवाला काही मागितलं नाही. मला तेवढी फुरसत नव्हती. मी तिचा श्वास मोजत होते.

सिस्टरनं खुणेनं समजावलं होतं, यंत्र ओरडलं तर घाबरायचं नाही, पाठ चोळायची. दीड तासानं ते ओरडलं. छातीवरची हालचाल थांबली होती. एवढा हलका जीव, पण थांबल्यावर दगड ठेवल्यासारखा वाटला. ती आठव्या महिन्याची म्हण माझ्या कानात कुणीतरी मोठ्यानं म्हटली. मी तिची पाठ चोळली, तळवा चोळला. "ए," मी म्हटलं, "ए बाई, घे. घे श्वास. म्या येवड्या लांबून आले. मोकळी आले बग तुझ्यासाठी, काय बी न्हाई आनलं. घे." सिस्टर धावत आली, तिचा हात माझ्या हातावर पडायच्या आत पोरीनं अंग ताणलं, एक खोल श्वास घेतला आणि बारीक आवाजात रडली. यंत्र गप्प झालं. सिस्टर तिथंच उभी राहून हसली आणि माझे डोळे तिनंच पुसले, माझे हात मोकळे नव्हते.

त्यानंतर मी हलले नाही. पाय बधिर झाले, तहान लागली, दयानंदरावांनी नळीनं पाणी पाजलं. त्यांना बळंच झोपायला पाठवलं. फोन अंगरख्याच्या खिशात चार वेळा थरथरला, सुपरवायझरबाईचाच असणार. मी उचलला नाही.

बाहेर अंधार पडला तेव्हा दार उघडलं आणि साक्षीला चाकाच्या खुर्चीतून आणलं. ताप उतरला होता. तोंड सुकलेलं, ओठ फुटलेले, केसांची नुसती गुंतवळ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे असतात तसे डोळे. तिला पोरगी दाखवायला आणलं होतं, पण ती आधी माझ्याकडंच बघत राहिली.

"आई," ती म्हणाली.

"हाव. बग, झोपली."

तिनं वाकायचा प्रयत्न केला, टाके ओढले म्हणून थांबली. बोटाचं टोक पोरीच्या टाळूला लावलं. मग माझ्या खांद्याला डोकं टेकवलं, खुर्चीतून जमेल तेवढं. आणि मग तिनं विचारलं, अगदी हळू, उत्तर आधीच माहीत असल्यासारखं.

"किती दिवसांची सुट्टी मिळाली?"

"सुट्टी इचारलीच न्हाई," मी म्हटलं.

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. डोकं परत खांद्यावर ठेवलं आणि बसल्या जागी तिला झोप लागली. मी दोघींचे श्वास ऐकत बसले.